पहिल्या महायुद्धातला रंगीत फोटो खरा की नंतर रंगवलेला, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की १९१६ चा म्हणून एक रंगीत फोटो फिरतोय, त्यात सैनिक खंदकातून बाहेर पडून धावत सुटलेत, मागे मातीचा लोट उसळलाय, आणि त्यातले रंग मूळचे आहेत का? फोटो न बघताच सांगतो, नाहीत. धावणाऱ्या पायांनीच उत्तर दिलंय.

त्या काळात रंगीत फोटोचा मुख्य मार्ग म्हणजे फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची ऑटोक्रोम प्लेट, १९०७ पासून बाजारात आलेली. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे बारीक दाणे पसरलेले, काही नारिंगी-लाल, काही हिरवे, काही निळे-जांभळे. मधल्या फटी काजळीने बुजवलेल्या. या दाण्यांतून गाळून मगच प्रकाश रसायनाच्या थरापर्यंत पोचायचा, त्यामुळे भर उन्हातसुद्धा साधारण सेकंदभर किंवा जास्त वेळ लेन्स उघडी ठेवावी लागे. एवढ्या वेळात धावणारा माणूस म्हणजे नुसता धुरकट पट्टा. म्हणून पॉल कास्तेलनो आणि फर्नाँ क्युविय या फ्रेंच सैन्याच्या छायाचित्रकारांनी १९१७ मध्ये फ्रान्समधल्या रँस शहरात घेतलेल्या प्लेटा बघा: पडकी घरं, उभी तोफ, बसून जेवणारे शिपाई. लढाई नाहीच. कोणी हललाच तर त्याचा चेहरा पुसट.

दुसरी कसोटी भिंगाखालची. ऑटोक्रोमचा चांगला स्कॅन मोठा करत गेलात की करडं आभाळसुद्धा नारिंगी, हिरव्या, जांभळ्या ठिपक्यांत फुटतं, आणि ते ठिपके कसेही विखुरलेले, मध्येच एका रंगाचे पुंजके. छायाचित्रकार फ्रँक हर्लीने १९१८ च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये ऑस्ट्रेलियन घोडदळाचे फोटो पॅजेट या दुसऱ्या प्रकारच्या रंगीत प्लेटवर घेतले, त्यात मात्र नियमित चौकड्यांची जाळी दिसते. पण मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेल्या चित्रात हे काहीच उरत नाही. त्यावरून निकाल देऊ नका; मूळ प्लेट ज्या संग्रहात आहे तिथला मोठा स्कॅन शोधा.

नंतर रंगवलेल्या फोटोची खूण मला सगळ्यात आधी कापडात दिसते. खऱ्या प्लेटमध्ये चार फ्रेंच शिपायांच्या निळ्या कोटांच्या चार छटा असतात, कारण एकाचा नवा, एकाचा उन्हाने विटलेला, एकाचा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. संगणकाने रंगवलेल्या फोटोत सगळ्यांना एकाच ब्रशने हाणलेलं असतं, कधी तर फ्रेंचांनाही खाकी. कान आणि नखं बघा, तिथे करडा रंग तसाच राहून जातो.

उलटीही फसगत होते, माझी झालीय. एका प्लेटच्या कोपऱ्यात हिरवे डाग होते. मी ठामपणे म्हटलं, हातानं रंग लावलाय, सांडलाय. नंतर कळलं की ओल लागली की ऑटोक्रोममधला हिरवा रंग पसरतो. म्हणजे तो डाग खरेपणाच्याच बाजूचा पुरावा होता. तेव्हापासून मी ठामपणे बोलायच्या आधी थोडा थांबतो. (तुमच्या फोटोतल्या धावणाऱ्या पायांच्या बाबतीत थांबलो नाही, ते सोडा.)

आणि एक वेगळंच प्रकरण. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की या छायाचित्रकाराने १९१५ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे युद्धकैदी टिपलेत. तीन रंगांच्या काचांतून एकापाठोपाठ तीन कृष्णधवल निगेटिव्ह घ्यायची त्याची पद्धत. आज आपण बघतो ती चित्रं त्या तिन्ही एकमेकींवर बसवून संगणकावर जुळवलेली आहेत, तरी रंग मूळचेच, कारण ते निगेटिव्हमध्येच नोंदलेले आहेत. तीन वेळांत जे हललं त्याच्या कडेला लाल-निळी झालर उमटते. ती दिसली तर खुशाल विश्वास ठेवा.

कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली १९३५ मध्ये, आधी सिनेमासाठी, वर्षभराने स्लाइडसाठी. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातली रंगीत हालचाल बघून लगेच दचकायचं कारण नाही.

आता तुमच्या फोटोसाठी एक काम करा: त्याची कृष्णधवल मूळ प्रत इंटरनेटवर चित्रावरूनच उलट शोध घेऊन काढा आणि ती नेमकी कुठे घेतली ते बघा. १९१६ मध्ये सोमच्या लढाईवर निघालेल्या ब्रिटिश चित्रपटातला खंदकातून बाहेर पडण्याचा गाजलेला प्रसंगही आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी बसवलेला होता, आणि त्याची दृश्यं आजही खऱ्या हल्ल्याची म्हणून छापली जातात. तुमचा फोटो त्यातलाच निघाला तर मला नवल वाटणार नाही.