पोरगा शिकून राहिला की फिरून राहिला?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी प्रतापनगरला राहते. आमचा मुलगा ऑक्टोबरपासून बर्लिनला मास्टर्स करून राहिला. इंस्टावर पाहावं तर कधी रंगवलेल्या भिंतीसमोर, कधी नदीकाठी, परवा तर कुठल्या ओसाड रनवेवर सायकल चालवत होता. फोन केला की म्हणतो आई लायब्ररीत आहे, नंतर बोलतो. ह्यांचं म्हणणं, लोन काढून पोराला टुरिस्ट बनवलं. खरं काय समजायचं?
– एक आई, नागपूर

उत्तर : काकू, पोरगा लायब्ररीतही असेल आणि रनवेवरही, दोन्ही खरं. मी तिथे शिकून आली म्हणून सांगते.

आधी रविवारचं बघा. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, किराणा नाही, मॉल नाही, आपल्या बर्डीच्या बाजारात जशी रविवारी उलट गर्दी असते तसं काहीच नाही. खोलीत बसून पोरं काय करणार, निघतात फिरायला, आणि त्या एकाच दिवसाचे फोटो मग आठवडाभर थोडे थोडे टाकत राहतात. बुधवारी फोटो दिसला म्हणजे बुधवारी फिरायला गेला असं नाही हो! जॅकेट बघा, सगळ्या फोटोंत एकच असेल तर समजून जा. शिवाय हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, तुम्ही रात्री नऊला जेवण आटोपून फोन लावता तेव्हा त्याचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात, म्हणजे ऐन अभ्यासाची वेळ.

तो रनवे म्हणजे टेम्पेलहोफ. जुनं विमानतळ, २००८ ला बंद झालं, २०१० ला लोकांसाठी मैदान म्हणून उघडलं, आणि २०१४ ला तिथे बिल्डिंगा बांधायची गोष्ट निघाली तर बर्लिनकरांनी मतदान करून नाही म्हटलं. तिकीट शून्य. भिंत म्हणाल तर ती बर्लिन वॉलच, १९८९ ला उघडली ती, तिचा सव्वा किलोमीटरच्या वरचा तुकडा नदीकाठी चित्रं काढून ठेवलाय, तिथेही पैसे लागत नाही. बस-मेट्रोचा पास साधारण सेमिस्टरच्या फीमध्येच धरलेला असतो, म्हणून टुरिस्ट लोक ज्या जागा पाहायला वेगळी बस करतात त्यातल्या अर्ध्याअधिक हा १०० नंबरच्या सिटी बसमध्ये खिडकीशी बसून पाहून घेतो. काकांना सांगा, लोनचा पैसा उडवायचा म्हटला तरी उडत नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे खर्चाचा पैसा आधीच भरून ठेवायचं खातं, केलं असेल ना, त्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम सुटते, २०२४ च्या सप्टेंबरपासून ९९२ युरो. त्यातच खोलीचं भाडं, विमा, खाणं. बर्लिनच्या भाड्यात ते कसे पुरतात हा खरा प्रश्न आहे, पण तो वेगळा.

आता लायब्ररी. ती थाप नाही. परीक्षा जवळ आली की सकाळीच जागा भरतात, आणि काही लायब्ऱ्यांत टेबलावर पुठ्ठ्याची घड्याळासारखी चकती ठेवायची असते, चहाला उठताना त्यावर वेळ लावून जायचं, ठरलेल्या वेळात परत नाही आला तर दुसरा तुमचं सामान बाजूला सरकवून बसू शकतो. अशा वेळी आईचा फोन आला तर पोरगा कुजबुजून "नंतर बोलतो" म्हणणारच नं.

विचारायचंच असेल तर "अभ्यास करतो का" विचारू नका, त्याचं उत्तर जगभर "हो" असंच येतं. विचारा, परीक्षेचं रजिस्ट्रेशन केलं का आणि कोणत्या विषयांचं. तिथे आपल्यासारखं सेशनल, ७५ टक्के हजेरी असं मागे लागणारं फारसं कोणी नसतं, बऱ्याच विषयांत सगळे मार्क शेवटच्या एका परीक्षेवर, लेक्चर फेब्रुवारीच्या मध्यात संपतात आणि त्याच्या आसपास सगळे पेपर अंगावर येतात. परीक्षेला नाव वेगळं नोंदवावं लागतं, तारीख गेली की गेली. घसरणारी पोरं तिथे घसरतात, भिंतीसमोर फोटो काढून नाही. आणि हो, १.३ आले म्हणाला तर घाबरू नका, पेढे वाटा, तिथे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ च्या पुढे नापास.

मला विचाराल तर फोटो बंद झाले की काळजी करा. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, सकाळी आठनंतर उगवतो, त्यात ढग. नागपूरच्या उन्हात वाढलेलं पोर पहिल्या हिवाळ्यात गुमसुम होऊ शकतं, झोपून राहतं, लेक्चर बुडवतं. तेव्हा तुम्हीच म्हणा, जा बाबा, जरा फिरून ये.

प्रश्न : ताई, मी पण ऑक्टोबरला बर्लिनला चाललो. कुकर न्यायचा का, जाड कोट इथूनच घ्यायचा का? आणि गेल्यावर पहिले काय फिरू?
– अक्षय, धंतोली

उत्तर : कुकर ने, छोटा, एक जास्तीची शिट्टी आणि रिंग पण. कोट तिथेच घे, इथल्या दुकानातला "बर्फाचा कोट" तिथल्या वाऱ्यात टिकत नाही.

फिरायचं राहू दे थोडं, पहिले खोली बघ. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता सरकारी ऑफिसात नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. काही लोक खोली देतात पण तो कागद देत नाही, म्हणून अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधीच लिहून घे. अपॉइंटमेंट पण लवकर मिळत नाही, इथूनच साइटवर पाहत राहा. ते झालं की रिंगची लोकल पकड, एस ४१ किंवा एस ४२, साधारण तासाभरात शहराला गोल चक्कर मारून जिथे चढला तिथेच आणून सोडते. आणि पाण्याची बाटली फेकू नको, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात.