रॉयल्टीचं नंतर बघू, आधी त्या पोराची सही आणा

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मॅडमचा मेल आलाय. कॉलेजात जे संशोधन होतं ते कंपन्यांपर्यंत नेऊन त्यातून पैसा उभा करायचा, हा सेल त्या सांभाळतात. शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी कांदा चाळीसाठी एक यंत्रणा बनवली, थरांमध्ये सेन्सर ठेवायचे, ओल आणि उष्णता वाढली की खालून ब्लोअर आपोआप सुरू. फेब्रुवारीत कॉलेजच्या नावाने प्रोव्हिजनल पेटंट अर्ज टाकला, म्हणजे तारीख धरून ठेवणारा तात्पुरता अर्ज. सप्टेंबरात निफाडकडे शेतकरी मेळाव्यात ती चालवून दाखवली. आता अंबड एमआयडीसीतली एक कंपनी सात वर्षांचं एक्सक्लुझिव्ह लायसन्स मागतेय, म्हणजे दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, कराराचा ड्राफ्ट पण पाठवलाय. मॅडमचा प्रश्न एवढाच, रॉयल्टी 3 टक्के मागू का 5?

आणि मेलच्या अगदी शेवटी एक ओळ: चौथा मुलगा पुण्याला नोकरीला लागलाय, असाइनमेंटवर, म्हणजे हक्क कॉलेजला लिहून देणाऱ्या कागदावर, सही करायला टाळाटाळ करतोय, पण ते मॅनेज होईल.

मॅडम, ते मॅनेज होईपर्यंत तुमच्याकडे विकायला काही नाहीये. रॉयल्टीबद्दल मी आत्ता एक आकडा सांगणार नाही, तो माल किती खपतो, कंपनी टूलिंगचा, म्हणजे साचे-अवजारांचा, खर्च किती उचलते, सुरुवातीला एकरकमी काय देते यावर बदलतो आणि तीन काय पाच काय, दोन्ही चालू शकतात. पण त्या शेवटच्या ओळीवर बाकी सगळं उभंय. असे मेल मला सारखे येतात, कधी द्राक्षाच्या फवारणी यंत्राचा असतो कधी सौर ड्रायरचा, संशोधन बदलतं पण शेवटची ओळ हीच असते.

पेटंट कायद्याचं कलम 6 वाचा, छोटंसंच आहे. अर्ज कोण करू शकतो? जो खरा आणि पहिला संशोधक तो, नाहीतर त्याने ज्याला हा हक्क लिहून दिला तो, नाहीतर संशोधक वारला असेल तर त्याचा कायदेशीर प्रतिनिधी. यात कॉलेज कुठेच नाही. लॅब तुमची होती, वीज तुमची जळली, प्रोजेक्टचे मार्क तुम्ही दिले, त्याने हक्क आपोआप येत नाही. पगारी प्राध्यापकांचं सुद्धा कायद्यात थेट लिहिलेलं नाही, त्यांच्या नेमणुकीच्या करारात काय आहे ते बघावं लागतं. विद्यार्थी तर तुमचा नोकरही नाही, तो फी भरून आला होता.

तुम्ही म्हणाल ॲडमिशनच्या वेळी सगळ्यांकडून संस्थेचे नियम पाळीन असं लिहून घेतलंय. ठीक आहे, तो कागद जपून ठेवा, वाद झाला तर बाजू मांडायला कामाला येईल. पण नियम पाळीन म्हणणं म्हणजे हक्क लिहून देणं नव्हे. आणि केंद्राचं 2019 चं विद्यार्थी-प्राध्यापकांसाठीचं इनोव्हेशन आणि स्टार्टअप धोरण सुद्धा काय सांगतं, संस्थेच्या सोयी भरपूर वापरल्या असतील किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम झालं असेल तर मालकी संस्था आणि संशोधक यांची मिळून. म्हणजे ज्या धोरणाचा हवाला तुम्ही मेलमध्ये दिलाय तेच तुम्हाला एकट्याला मालक करत नाही.

आता तुम्ही जोडलेला फॉर्म 1, म्हणजे पेटंट अर्जाचा फॉर्म, मी उघडून बघितला. संशोधकांच्या घोषणेची जागा असते ना, जिथे संशोधक लिहून देतो की अर्जदार हा माझा असाइनी आहे, म्हणजे मी त्याला हक्क लिहून दिलाय, तिथे चौघांपैकी तीन मुलांच्या सह्या आहेत आणि चौथ्याच्या नावासमोर कोरी जागा. हाच फॉर्म सगळ्यांच्या सह्या घेऊन भरला असता तर हा मेल लिहायची वेळच आली नसती. तेव्हा तो मुलगा याच कॅम्पसमध्ये होता, सबमिशनसाठी रोज येत होता, सही घ्यायला दोन मिनिटं लागली असती. हक्काचा पुरावा अर्जासोबत दिला नाही तर पुढच्या सहा महिन्यांत द्यायचा असतो, नियम 10. फेब्रुवारी ते ऑगस्ट, ती मुदत गेली. उशीर माफ करायचा अर्ज देता येतो, पेटंट ऑफिसचे कंट्रोलर बऱ्याचदा समजूतीने घेतात, पण तो त्यांचा अधिकार आहे आपला हक्क नाही, त्यामुळे मी खात्री देत नाही.

मग हा अर्ज सोडून नवीन टाकू का? मेळाव्याआधी विचारलं असतं तर कदाचित हो म्हटलं असतं. आता तुम्ही शे-दोनशे लोकांसमोर यंत्र उघडून आतली रचना समजावलीय, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतायत. लोकांसमोर आलेली गोष्ट पेटंटसाठी नवी राहत नाही, म्हणून नवीन अर्जाला तुमचंच प्रदर्शन आडवं येईल. प्रदर्शन, परिषदेतला पेपर अशा काही गोष्टींना कलम 31 मध्ये 12 महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या अटी कडक आहेत, गावातला मेळावा त्यात बसवणं मला अवघड दिसतं. म्हणून फेब्रुवारीची तारीख हातची जाऊ द्यायची नाही, आणि ती टिकवायची तर चौथी सही पाहिजे.

दुसरा सोपा मार्ग तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, त्या मुलाला सह-अर्जदार करून टाका, मिटलं. नाही मिटलं. कलम 50 बघा. सहमालक झाला की वेगळा करार नसेल तर त्याचा सारखा हिस्सा, तो स्वतः ही यंत्रणा बनवून विकू शकतो आणि तुम्हाला एक रुपयाचा हिशोब देणं लागत नाही, आणि तुम्ही मात्र त्याच्या संमतीशिवाय कुणाला लायसन्स देऊ शकत नाही. सातबाऱ्यावर भावाचं नाव असताना एकट्यानेच जमीन विकायला काढण्यासारखं होईल. अंबडच्या कंपनीला एक्सक्लुझिव्ह पाहिजे, ती हे ऐकून थांबणार नाही. सह-अर्जदार करायचंच झालं तर त्याच दिवशी वेगळा करार करा, लायसन्सचा अधिकार एकट्या कॉलेजला, पैशाची वाटणी अमुक अशी.

आणि हे सगळं माहीत नसताना तुम्ही कंपनीच्या ड्राफ्टवर सही करायला निघाला होतात. त्यात कलम 9 आहे, कॉलेज हे एकमेव आणि निर्विवाद मालक असल्याची हमी देतं आणि मालकीवरून वाद झाला तर कंपनीचं सगळं नुकसान भरून देईल, मर्यादा काही नाही. हे विधान आज खोटं आहे. तुम्ही प्रिन्सिपॉलांच्या सहीने खोटी हमी लिहून देताय. उद्या कंपनीने कुणा नक्कल करणाऱ्यावर दावा टाकला तर समोरचा वकील पहिल्यांदा हेच काढेल, हक्क नसलेल्याच्या अर्जावर पेटंट मिळालं हे ते रद्द करायचं कारण आहे, पेटंट कायद्याचं कलम 64. त्या मुलालाही पेटंट मिळायच्या आधीच विरोध नोंदवता येतो. 2021 ला अपिलाचं ट्रिब्युनल बंद केल्यापासून कंट्रोलरच्या आदेशावरचं अपील हायकोर्टात जातं, तिथे किती वर्षं जातील हे मी लिहून देत नाही पण कंपनी तोवर थांबणार नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला निघतो, चाळी भरायच्या आत त्यांना युनिट पाहिजेत. त्यांना कोर्टात रस नाही, बरोबर आहे त्यांचं.

त्यामुळे आता पुण्याला जा. फोन नको, स्वतः जा, आणि एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, सोबत नेऊ नका. तुमच्या मेलमध्ये मध्येच एक वाक्य आहे की मुलाला संशोधकांच्या यादीतली दोन नावं खटकतायत, एचओडी आणि संस्थेचे सचिव. मला वाटतं टाळाटाळीचं कारण पैसा नसून हेच असावं आणि मुलाचं चूक नाहीये. ज्याने रचना डोक्यातून काढली तो संशोधक. विषय सुचवला, फंड मंजूर केला, सही केली म्हणून कोणी संशोधक होत नाही. त्या दोघांचं खरंच काही योगदान असेल तर प्रोजेक्ट डायरीत दिसेल, नसेल तर नावं काढायचा अर्ज द्या. फार कॉलेजं हे करतात आणि मुलांना किती लागतं ते बघतही नाहीत, रात्र रात्र वर्कशॉपला बसलेला मुलगा चौथ्या नंबरवर आणि ज्यांनी यंत्र बघितलंही नाही ते वर.

असाइनमेंट लेखीच पाहिजे आणि त्यात मोबदला लिहा. फुकट लिहून घेतलेला करार टिकवणं अवघड असतं. लायसन्सच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा चौघांना, आणि आधी सही केलेल्या तिघांनाही तोच, नाहीतर उद्या ते तिघे येतील. मुद्रांक किती लागेल ते मोबदल्यावर आहे, आधी विचारून घ्या, कमी पडला तर कागद पुराव्यात घेताना दंडासकट भरावा लागतो. आणि कृपा करून मागची तारीख टाकू नका. कोणीतरी सुचवेल, फेब्रुवारीची टाका म्हणजे झालं. बाँड पेपरवर तो कधी विकला ते छापलेलं असतं, आणि तसं नसतं तरी ती बनावटगिरीच. आजची तारीख टाका आणि आत लिहा की काम सुरू असतानाच हक्क कॉलेजकडे राहील असं ठरलं होतं, पण खरंच तसं ठरलं असेल तरच. मी आधी सांगितलेला ॲडमिशनचा कागद इथे उपयोगी पडेल.

अजून एक, त्याच्या नव्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर बघायला मागा. काही कंपन्या कर्मचाऱ्याची संशोधनं आपल्या नावावर करून घेणारा परिच्छेद टाकतात. जॉइनिंगच्या आधीचं काम सहसा त्यात येत नाही, पण फेब्रुवारीनंतर त्याने यंत्रणेत काही सुधारणा केली असेल तर तारखा जुळवून बघाव्या लागतील.

बाकीचं थोडक्यात. पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे संशोधनाचं सविस्तर वर्णन, येत्या फेब्रुवारीच्या आत गेलंच पाहिजे, 12 महिने झाले की अर्ज सोडून दिल्यात जमा होतो. क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते, लिहिताना पेटंट एजंटला सांगा की जोर सेन्सर-ब्लोअरच्या प्रत्यक्ष रचनेवर द्यायचा, नुसता प्रोग्रॅम आणि नुसती शेतीची पद्धत पेटंटला चालत नाही. पेटंट मिळेलच का, ते मी सांगू शकत नाही. शैक्षणिक संस्थेला 2021 पासून फीत 80 टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशाचं कारण नको. तपासणीची विनंती 31 महिन्यांत द्यायची, जुने 48 महिने धरून बसू नका. आणि कॉलेजच्या गेटवर पेटंट मिळाल्याचा फ्लेक्स लावलाय तो उतरवा, अर्ज टाकलाय मिळालेलं काही नाही, कंपनीने तेच वाक्य डब्यावर छापून माल विकला तर दंडाचं प्रकरण आहे.

कंपनीला आज एवढंच कळवा की मालकीची कागदपत्रं पूर्ण करतोय, कलम 9 मध्ये हमी आमच्या माहितीपुरती आणि भरपाईला रॉयल्टीच्या रकमेची मर्यादा टाकून सुधारित ड्राफ्ट पाठवतो. सही झालेली असाइनमेंट स्कॅन करून मला पाठवा, मग रॉयल्टीच्या आकड्यावर बोलू.