आस्था पाठटाचणात कशी लिहावी?

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. ‘विद्यार्थ्यांना नदीविषयी आस्था वाटेल’ हे माझे उद्दिष्ट मोजता येत नाही, म्हणून पाठटाचण (तासिकेचे लेखी नियोजन) परत आले. काय लिहावे?
– एक शिक्षिका, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘वाटेल’ हे क्रियापद काढून दिसणारी कृती लिहावी. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ क्रॅथवोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये भावात्मक क्षेत्राच्या (भावना, वृत्ती, मूल्ये यांच्याशी संबंधित शिकण्याच्या) पाच पायऱ्या मांडल्या, त्यांपैकी पहिल्या तीन, म्हणजे ग्रहण (लक्ष देणे), प्रतिसाद (स्वतः भाग घेणे) आणि फार तर मूल्यन (एखादी गोष्ट मोलाची मानणे) यांपलीकडे एका तासिकेत जाण्याचा हट्ट नसावा. ‘मुठा नदीच्या प्रदूषणावरील चर्चेत विरुद्ध मत शेवटपर्यंत ऐकून घेतो’ किंवा ‘कोणी न सांगता निर्माल्य कलशातच टाकतो’ अशी विधाने पडताळता येतात. मात्र त्यांना गुण देऊ नयेत (मुले लगेच गुणांपुरती नदीप्रेमी होतात). वर्षभर निरीक्षणवहीत नोंदी ठेवाव्यात.