जपाची माळ आणि वाटीतले चिंचोके

"जपाला बसलं की मन जास्तच भटकतं. मग अशा जपाचा उपयोग काय?"

पन्नाशीपुढच्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. हल्ली तरुण मुलंही 'ध्यानाला बसलो की डोकं आणखीच भणभणतं' अशी तक्रार घेऊन येतात. देवापुढे बसूनही मन थाऱ्यावर नाही, म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, अशी बोच त्यामागे असते. ही बोच मला फार महत्त्वाची वाटते, कारण अस्वस्थतेपेक्षा तीच माणसाला जास्त छळते. एका बाईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नोकरीच्या धबडग्यात जमलं नाही म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी रोज अकरा माळा रामनामाचा संकल्प सोडला. सुरुवातीला छान चाललं. मग मन सुटायला लागलं. बोटं मणी ओढतायत, ओठ हलतायत आणि डोक्यात भलतंच. ते ध्यानात आलं की बाईंना वाटे, ही माळ देवाला पोचलीच नाही. मग पुन्हा मेरुमण्यापासून सुरुवात. तासाभरात उरकणारा जप अडीच तासांवर गेला. रात्री झोपायला बारा, पहाटे साडेतीनचा गजर. नाश्त्याला उशीर, यजमानांची चिडचिड, आणि सगळ्याच्या शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य: "मॅडम, माझं मनच पापी आहे."

माळ पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचं ऐकून मी आधी वेगळीच चौकशी केली. गॅस, कुलूप परत परत तपासता का? हात धुवूनही समाधान होत नाही असं होतं का? देवाबद्दल नको ते घाणेरडे विचार घुसतात आणि ते घालवायला काही करावंच लागतं का? तसं काही नव्हतं. असतं तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तो ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, असू शकतो, त्यावर औषधं आहेत, खास उपचारपद्धती आहे, आणि अशा माणसाला 'आणखी जप करा' म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

बाईंनी गीता वाचलेली होती, सहावा अध्याय तर पाठ. मी त्यांनाच अर्जुनाची तक्रार म्हणायला सांगितली. 'चञ्चलं हि मनः कृष्ण' त्यांनी खड्या आवाजात म्हटलं. मन बलवान आहे, हट्टी आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे, असं अर्जुन म्हणतो. "यावर भगवंत त्याला रागावले का हो?" मी विचारलं. बाई थांबल्या. "नाही. 'असंशयं महाबाहो' म्हणाले. निःसंशय, तू म्हणतोस ते खरं आहे." मन आवरायला कठीण आहे हे भगवंतांनी आधी मान्य केलं आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. त्याच्याही आधी, सव्विसाव्या श्लोकात, चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं असं सांगून ठेवलंय. म्हणजे ते जाणार हे धरूनच सगळं सांगितलेलं आहे. बाईंनी आयुष्यभर म्हटलेला श्लोक, पण तो आपल्याबद्दल आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

नुसत्या बोलण्यावर मी ते सोडलं नाही. माझ्याकडे मुलांच्या खेळातले चिंचोके असतात. शेजारी दोन वाट्या ठेवल्या, एक भरलेली, एक रिकामी. "इथेच एक माळ करा. मन गेलंय हे कळलं की डाव्या हाताने एक चिंचोका रिकाम्या वाटीत टाका आणि पुढच्या मण्यावर या. मागे जायचं नाही." माळ संपेपर्यंत वाटीचा तळ झाकला होता. बाईंचा चेहरा उतरला. "एवढ्या वेळा गेलं?" "एवढ्या वेळा परत आलात," मी म्हटलं. अभ्यास तो हाच. मन न जाणं आपल्या हातात नाही, परतणं आहे.

अकरा माळांचं काय, हा प्रश्न मात्र नाजूक होता. संकल्प मोडायला त्या तयार नव्हत्या आणि मलाही तो मोडायचा नव्हता. ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी ज्ञानोबा माउली म्हणतात, 'कां जें यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके'. मनाचं एक बरं आहे, गोडी लागली त्या ठिकाणाला ते सोकावतं. कंटाळलेल्या, धाक दाखवलेल्या मनाला कसली गोडी लागणार? शेवटी बाईंनीच मार्ग काढला. सकाळी एक माळ बसून, आवडीने. बाकीचं नाम भाजी निवडताना, फिरायला जाताना. 'दळितां कांडितां' नाम घेणाऱ्या जनाबाईंचा दाखला त्यांनीच मला दिला. साडेतीनचा गजर साडेपाचवर आला. फार जागणाऱ्याला योग साधत नाही, हेही त्याच अध्यायात आहे.

पण खरं काम पुढच्या भेटीत झालं. मी विचारलं, "मन जातं ते कुठे जातं?" दूध, पाहुणे, शेजारचं बांधकाम असं सांगत सांगत त्या मुलावर आल्या आणि तिथेच अडकल्या. मुलाची नोकरी सुटली होती, फ्लॅटचे हप्ते थकले होते. त्याने आईकडे ग्रॅच्युइटीचे पैसे मागितले होते आणि 'बाबांना सांगू नकोस' म्हणून बजावलं होतं. रोज पहाटे वाटीत पडणारे बहुतेक चिंचोके या एकाच गोष्टीचे होते.

इथे मला ठाम मत मांडायचं आहे. मनात सारखी येणारी प्रत्येक गोष्ट नुसती हाकलायची नसते. काही वेळा ते राहून गेलेलं काम असतं आणि ते जपाच्या वेळी नाही तर दिवसाउजेडी हातात घ्यावं लागतं. वैराग्याचा अर्थ आम्ही दोघींनी तिथे शोधला. मुलाची काळजी सोडणं हे त्यांना जमणारं नव्हतं, मी सांगणारही नव्हते. पण मुलाचं कर्ज फेडून त्याचं आयुष्य मार्गी लावणं हे आपल्या हातात आहे, हा हट्ट सोडता येत होता. कागदावर दोन रकाने केले: माझ्याकडून होण्यासारखं आणि नसलेलं. पहिल्या रकान्यात पहिलं वाक्य बाईंनी लिहिलं, 'यांना सांगणं'.

ते सांगणं सोपं गेलं नाही. घरात दोन दिवस अबोला होता. मग नवरा-बायकोने मिळून मुलाला बोलावलं, काही हप्त्यांपुरते पैसे दिले, उरलेले आपल्या म्हातारपणासाठी ठेवले आणि तसं स्पष्ट सांगितलं. मुलगा रुसला. बाईंना वाईट वाटलं, पण पहाटे छातीत होणारी धडधड कमी झाली.

मन भटकायचं थांबलं का? नाही. आता ते पेन्शनच्या कागदांकडे जातं, पुतणीच्या लग्नाकडे जातं. बाई चिंचोका टाकतात आणि पुढचा मणी ओढतात. माळ पहिल्यापासून मात्र सुरू करत नाहीत.

तुमचंही असंच होत असेल तर हा प्रयोग घरी जरूर करा. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माळेवर भिस्त ठेवून थांबू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.