टर्बो हॅचबॅकला रिमॅप, कोन फिल्टर, लोअरिंग, मोठे अलॉय हे सगळं स्वतः केलं तर चालेल का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची, अजून पूर्ण स्टॉक (कंपनीतून आली तशी), आणि यादी म्हणजे आधी ट्युनिंग बॉक्स नाहीतर स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता फक्त इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं), मग कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर), ब्लो ऑफ व्हॉल्व (पाय काढल्यावर टर्बोची जादा हवा सोडणारा), स्प्रिंग कापून गाडी खाली, मोठे अलॉय, आणि ब्रेक टायर "नंतर बघू", यातलं जमेल तेवढं स्वतःच्या हाताने. मी बरीच वर्षं गाड्यांवर काम करतोय, लोकांनी घरी बसवलेलं खोलून परत नीट करायचं कामही खूप केलंय, म्हणून सरळ सांगतो. मॉडिफिकेशन करा, स्वतः करा, त्यात जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही, पण तुमची यादी शेवटून वाचा. ब्रेक टायर आधी, पॉवर सगळ्यात शेवटी.

का ते कळायला कंपनी स्वतः पॉवर वाढवते तेव्हा काय काय बदलते ते बघा. सातव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ घ्या. जीटीआय मॉडेल २२० पीएस (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर), आर मॉडेल ३०० पीएस, दोन्हीत ईए८८८ हेच २ लिटरचं इंजिन. वरवर वाटतं की सॉफ्टवेअरचाच फरक असणार, पण आरसाठी सिलेंडर हेड बदललं, पिस्टन बदलले, एक्झॉस्ट व्हॉल्व, व्हॉल्वच्या सीट आणि स्प्रिंग, इंजेक्टर, टर्बो सगळं वेगळं घेतलं, ब्रेक मोठे दिले आणि पॉवर चारही चाकांना वाटली. ८० पीएससाठी एवढं. २०१९ मध्ये मर्सिडीज एएमजीने ए४५ एसमध्ये २ लिटरमधून ४२१ पीएस काढले ते पण क्लोज्ड डेक ब्लॉक (सिलेंडरच्या वरच्या कडेला चौफेर आधार असलेला), फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले पिस्टन आणि टर्बोच्या शाफ्टला रोलर बेअरिंग देऊन.

आता तुम्ही म्हणाल की स्टेज १ मध्ये तर काहीच न बदलता गाड्या मस्त चालतात. चालतात, खरंय. कंपनी प्रत्येक पार्टमध्ये थोडी जागा शिल्लक ठेवते, कारण कुणी हलकं पेट्रोल भरणार, कुणी कडक उन्हात गाडी भरून घाट चढणार, कुणी ऑइल वेळेवर बदलणार नाही, कुणी उंच डोंगरावर राहणार जिथे हवा विरळ आणि तेवढंच प्रेशर द्यायला टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं. रिमॅप हीच शिल्लक वापरतो. त्यामुळे खरा प्रश्न हा आहे की तुमच्या गाडीत, तुमच्या पेट्रोलवर, ती शिल्लक किती उरलीय, आणि हे मोजल्याशिवाय कळत नाही.

इंजिनात सगळ्यात आधी काय जातं ते सांगतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढला की सिलेंडरमध्ये प्रेशर आणि तापमान वाढतं, आणि स्पार्कने लागलेली ज्वाळा शेवटपर्यंत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिक्श्चर स्वतःच पेटतं, ते नॉकिंग. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, टायमिंग मागे घेतो म्हणजे स्पार्क उशिरा देतो, म्हणून हलकं नॉकिंग तुम्हाला ऐकूही येत नाही, फक्त गाडी कधीकधी मंद वाटते. हेच जास्त झालं की पिस्टनच्या दोन रिंगांमधली पातळ भिंत तुटते. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या टर्बोमध्ये अजून एक प्रकार असतो, कमी आरपीएमवर जास्त लोड टाकला की स्पार्कच्या आधीच मिक्श्चर पेटतं, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि तो एका झटक्यात पिस्टन तोडू शकतो. याचा संबंध ऑइलशी पण आहे, ऑइलमधलं कॅल्शियमवालं डिटर्जंट याला मदत करतं असं दिसल्यावर एपीआय या ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने आधी एसएन प्लस आणि मग २०२० मध्ये एसपी हा ग्रेड आणला. तेव्हा ऑइलच्या डब्यावर गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तिकेत) दिलेला कंपनीचा स्पेक बघा आणि त्यासोबत एसपी आहे का तेही बघा, हे आजच करता येईल आणि यात काही खोलायचं नाही.

कमी आरपीएमचाच अजून एक मुद्दा. लोकांना २००० आरपीएमला मिळणारा धक्का आवडतो, पण सिलेंडरमधलं प्रेशर टॉर्कबरोबर वाढतं, आणि कनेक्टिंग रॉड वाकवतो तो हाच खालचा टॉर्क. क्लच पण तिथेच घसरायला लागतो, वरच्या गिअरमध्ये खालून फुल पाय दिला आणि आरपीएम चढला पण स्पीड नाही तर क्लच गेला समजा. गिअरबॉक्सला सुद्धा मर्यादा असते, फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ड्राय क्लचवाला डीक्यू२०० २५० न्यूटन मीटरचा आणि वेट क्लचवाला डीक्यू२५० ३५० न्यूटन मीटरचा. तुमचा गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, त्याचा आकडा शोधा. चांगला ट्यूनर स्वतःहून खालचा टॉर्क हळूहळू चढवतो आणि वरच्या आरपीएमला पॉवर देतो. जो पहिल्या फोनवरच "एवढे पीएस वाढतील" सांगतो आणि तुम्ही कुठलं पेट्रोल भरता ते विचारत नाही त्याच्याकडे जाऊ नका.

ट्युनिंग बॉक्स मात्र यादीतून काढाच. स्वस्त बॉक्स बूस्ट सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे, म्हणून ईसीयू बूस्ट वाढवतो. पण ज्या कंप्युटरच्या भरवशावर इंजिन सुरक्षित आहे त्यालाच आता खरं प्रेशर माहीत नाही! मला हे अजिबात पटत नाही. रिमॅपमध्ये निदान टायमिंग, फ्युएल, बूस्ट सगळं एकमेकांना धरून बदलता येतं.

कोन फिल्टर आवाज देतो, तेवढ्यासाठी हवा असेल तर ठीक. पण इंजिनजवळ उघडा बसवला तर तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि हवा १० अंश गरम झाली की तिची घनता साधारण ३ टक्के कमी होते, वर गरम हवेने नॉकिंगला आमंत्रण. स्टॉक एअरबॉक्स पुढून थंड हवा घेतो, म्हणून बहुतेक गाड्यांत तोच बरा, त्यात फक्त चांगला पेपर फिल्टर टाका. बाहेर हवा सोडणारा ब्लो ऑफ व्हॉल्व तर एअरफ्लो मीटर असलेल्या गाडीत लावूच नये, कारण मीटरने मोजलेली हवा तुम्ही बाहेर टाकता आणि ईसीयू त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल देऊन बसतो, गिअर बदलताना मिक्श्चर रिच होतं म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, गाडी झटके खाते.

आता स्प्रिंग कापणं. हे कृपा करून नको. कापलेल्या स्प्रिंगचं टोक सीटवर नीट बसत नाही, खड्ड्यात चाक खाली लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते, आणि वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते पण शॉक ॲब्झॉर्बर जुन्याच स्प्रिंगसाठी बनलेला असतो म्हणून गाडी उड्या मारत राहते. आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते, मॅकफर्सन स्ट्रटवाली (पुढे स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात असलेली) गाडी जास्त खाली केली की खालचा आर्म आडवा होतो किंवा उलटा कलतो आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर झुकते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही जास्त खाली जातं. म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडी वळणावर झुकायला अजून जास्त जोर मिळतो, जो थांबवायला मग अजून कडक स्प्रिंग, आणि मग रबरी बंपस्टॉपवर आदळणारी गाडी जी वळणाच्या मधेच अचानक ग्रिप सोडते. दिसायला खाली, वळायला स्टॉकपेक्षा वाईट. करायचंच असेल तर थोडंसंच खाली, स्प्रिंग आणि शॉक जोडीने बनवलेले घ्या, आणि लगेच अलाइनमेंट.

अलॉयमध्ये साईजपेक्षा वजन, ऑफसेट (रिमची हबवर बसणारी बाजू मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) आणि हबचं भोक बघा. ऑफसेट चुकला की स्टीअरिंग ब्रेक मारताना ओढतं आणि बेअरिंगवर भलताच लोड येतो. टायरसकट बाहेरचा व्यास मूळच्या जवळपास ठेवा नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो. खरं तर आहे त्याच रिमवर उत्तम टायर घातले तर गाडीत जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच पार्टने पडत नाही, कारण पॉवर, ब्रेक, वळण सगळं शेवटी त्या तळहाताएवढ्या रबरातूनच जातं.

ब्रेकचं "नंतर बघू" मला सगळ्यात जास्त खटकलं. वेगाची ऊर्जा वर्गाने वाढते, १०० च्या जागी १४० वरून थांबायचं म्हटलं की ब्रेकला जवळपास दुप्पट उष्णता झेलावी लागते. मोठे कॅलिपर लगेच नको, कारण तुमचे स्टॉक ब्रेक एबीएस लागेपर्यंत चाक दाबू शकतात म्हणजे पहिल्या ब्रेकला मर्यादा टायरची आहे, मोठ्या डिस्कचा फायदा वारंवार ब्रेक मारताना उष्णता झेलण्यात आहे. आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान २३० अंश आणि ओलं झाल्यावर किमान १५५ एवढाच मानकात धरलेला आहे, आणि उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फ्लोअरला जातं. डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. पॅड रस्त्यासाठीचेच थोडे वरच्या दर्जाचे घ्या, रेसचे पॅड थंड असताना नीट पकडतच नाहीत.

स्वतः काम करताना मी ज्यावर अडून बसतो ते एवढंच. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, स्टँड लावायचे, जमीन सपाट आणि कडक हवी. स्प्रिंग कंप्रेसर वाकलेला किंवा जुना असेल तर वापरू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. टॉर्क रेंच घ्या आणि मॅन्युअलमधला आकडा वापरा, चाकाचे नट थोडं चालवून परत तपासा. सस्पेन्शन आर्मचे रबरी बुशवाले बोल्ट चाक लोंबकळत असताना घट्ट करू नका, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर करा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे इतक्या गाड्यांत बघितलंय की सांगता येत नाही. सिलिकॉन सीलंट थापू नका, आतल्या बाजूला निघालेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. वायर ओढली तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आणि एअरबॅग असलेल्या सीट स्टीअरिंगला घरी हात लावू नका, रस्त्याच्या गाडीत रोल केजही (आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) नको, हेल्मेट नसताना डोकं त्या पाइपावर आदळतं.

तर क्रम असा ठेवा: आधी पूर्ण सर्व्हिस, नवीन प्लग, ऑइल, बूस्टच्या पाइपांची गळती तपासणं. मग टायर, ब्रेक ऑइल, पॅड, अलाइनमेंट. या अवस्थेत काही महिने गाडी चालवा, बऱ्याच जणांना इथेच कळतं की गाडीत कमी पॉवर नव्हतीच. मग डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या रोलरच्या मशीनवर) स्टॉक रन काढा आणि ओबीडीमधून, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमधून, लॉग घ्या, त्यात आत येणाऱ्या हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, फ्युएल रेलचं प्रेशर, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि प्रत्येक सिलेंडरचं टायमिंग किती मागे जातंय ते बघा. स्टॉक मॅपवरच टायमिंग सारखं मागे जात असेल तर रिमॅप आत्ता नाही, आधी पेट्रोल, प्लग, कार्बन बघा. सगळं स्वच्छ असेल तर स्टेज १ करा, त्याच डायनोवर, आणि करून झाल्यावर तोच लॉग परत काढा.

इंजिनचा कोड, गिअरबॉक्स, गाडी किती चाललीय आणि कितीच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरता ते कमेंटमध्ये लिहा, लॉग असेल तर तोही टाका, मी बघून सांगतो.