काकीची माया कुठे पेरायची?

प्रश्न: देवगडच्या आमच्या मंडळासाठी मालिकेच्या वळणाचं दोन अंकी नाटक लिहितोय. काकी भावाभावांत भांडणं लावून मुंबईच्या पुतण्याचा कलमबागेतला हिस्सा काढून घेते. शेवटी तिची घरावरची माया कळते, पण ती वाचणाऱ्यांना खोटी वाटते.

उत्तर: माया शेवटीच पहिल्यांदा दिसते, म्हणून ती सारवासारव वाटते. ती आधी दोन-तीनदा कृतीतून पेरा, आणि त्या कृतीत डावही दिसू द्या. चतुर्थीला पुतण्याच्या पानात ती आग्रहाने मोदक वाढते, तेव्हाच थोरल्या भावाबद्दल त्याच्या मनात विष कालवते.

हेतूही नेमका हवा. ‘घर फुटेल’ ही भीती पुरत नाही; पुतण्या हिस्सा परक्याला विकेल, ही पुरते.

एका रात्रीत सातबारा बदलू नका, कोकणातला प्रेक्षक तिथेच उठेल. हक्कसोडपत्राची नोंदणी लागते. मग फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची, नोटीस आणि हरकतीला १५ दिवस. तुमचा सगळा दुसरा अंक याच पंधरवड्यात घडवा! अखेरीस फेरफार वाचला जातो: हिस्सा थोरल्याच्या नावे, काकीचं नाव कुठेच नाही. तिच्या तोंडी खुलासा घालू नका, आणि पुतण्याला लगेच पाया पडायला लावू नका. फसवणूक झालीच आहे. त्याचा राग राहू दे.