वाचकांचे प्रश्न : संशयाची सुई आणि सबंध समाज

प्रश्न : कोठेही दहशतवादी हल्ला झाला की हल्लेखोराच्या धर्माचे सगळेच लोक गुन्हेगार असल्यासारखे बोलले जाते. उलट काही जण ‘दहशतवादाला धर्म नसतो’ एवढे म्हणून विषय मिटवतात. मला दोन्ही पटत नाही. धार्मिक समाजांना खरोखरच अन्यायाने दोषी धरले जाते का?

उत्तर : दुसऱ्या विधानापासून सुरुवात करतो, कारण ते चांगल्या हेतूने केले जाते आणि म्हणून कोणी ते तपासून पाहत नाही. मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडणारे लोक ओम शिनरिक्यो या पंथाचे होते आणि त्यांनी ते कृत्य आपल्या गुरूच्या आज्ञेवरून केले. अल कायदा आणि इस्लामिक स्टेट यांचा प्रचार धर्मवचनांनी भरलेला असतो. हल्लेखोराच्या डोक्यातला हा धर्म नाकारला, तर त्याला माणसे कशी मिळतात हेच कळणार नाही. परंतु एखाद्या संघटनेने धर्माचा आधार घेणे आणि त्या धर्माच्या कोट्यवधी माणसांनी त्या संघटनेला आधार देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १६ डिसेंबर २०१४ रोजी पाकिस्तानी तालिबानने पेशावरच्या एका शाळेत १३०हून अधिक मुलांना ठार केले, तेव्हा मारणारे ज्या धर्माचे नाव घेत होते त्याच धर्माच्या घरांतली ती मुले होती.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे, आणि त्यासाठी मी थोडे जुने उदाहरण घेतो, कारण त्यातले सारे आता न्यायालयांतून तावून सुलाखून निघाले आहे. २१ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातल्या दोन मद्यालयांत बॉम्बस्फोट होऊन २१ माणसे मरण पावली. आठच दिवसांत संसदेने दहशतवादविरोधी कायदा संमत केला आणि शहरातल्या आयरिश रहिवाशांकडे शेजारीपाजारी संशयाने पाहू लागले. पोलिसांनी पकडलेले सहा जण उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक होते. (येथे धर्म आणि राष्ट्रीयत्व एकमेकांत मिसळलेले होते, हे मान्य करायला हवे.) त्यांपैकी पाच जण आयआरए या, उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळे करण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या एका मृत सदस्याच्या अंत्यविधीसाठी बेलफास्टला निघाले होते, त्यामुळे पोलिसांना संशय आला यात नवल नाही. नवल पुढच्या गोष्टीचे आहे. रेल्वेच्या प्रवासात ही मंडळी पत्ते खेळत बसली होती. त्यांच्यापैकी काहींच्या हातांवर स्फोटकाचे अंश सापडल्याचे तज्ज्ञाने न्यायालयात सांगितले. पुढे असे दिसून आले की, पत्त्यांवरच्या चकचकीत लेपामुळेही त्या चाचणीचा तसाच निकाल येऊ शकतो. चौघांनी कबुलीजबाबांवर सह्या केल्या होत्या आणि आपल्याला मारहाण झाल्याचे ते पहिल्यापासून सांगत होते. १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. १४ मार्च १९९१ रोजी अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली, तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

सुक्याबरोबर ओलेही जळते, असे म्हणून आपण अशा वेळी हळहळतो. पण बर्मिंगहॅममध्ये ओलेच जळले आणि सुके तसेच राहिले. २०१९ मध्ये मृत्यूंच्या चौकशीत ज्यूरीने ते स्फोट आयआरएने घडवल्याचा निष्कर्ष दिला; तरी बॉम्ब ठेवणाऱ्यांपैकी एकालाही आजवर शिक्षा झालेली नाही. समाजाकडे पाहून माणूस निवडला की खरा माणूस निसटतो, हे मला या विषयातले सर्वांत गंभीर नुकसान वाटते आणि ते मृतांच्या कुटुंबांना सर्वाधिक सोसावे लागते.

प्रश्न : पण एखाद्या विशिष्ट समाजातूनच हल्लेखोर वारंवार पुढे येत असतील, तर तपास यंत्रणांनी त्या समाजावर अधिक लक्ष ठेवले तर बिघडले कुठे?

उत्तर : हा प्रश्न भीतीपोटी आलेला आहे आणि ती भीती खोटी नाही. म्हणून याचे उत्तर तत्त्वाने न देता अनुभवाने देतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी एक खास विभाग उभारून मुस्लिमांच्या वस्त्या, मशिदी, उपाहारगृहे आणि विद्यार्थी संघटना यांच्यावर पाळत ठेवली. कोण कोठे बसते आणि काय बोलते, याच्या नोंदी होत राहिल्या. २०१२ मध्ये पोलीस दलातल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले की, सहा वर्षांहून अधिक काळात या विभागाच्या कामातून दहशतवादाच्या तपासाचा एकही धागा हाती लागला नव्हता. २०१४ मध्ये तो विभाग बंद करण्यात आला.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमधील रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटर असलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा बोटाचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाच्या ठशाशी जुळतो, असे एफबीआयने ठरवले. हा वकील इस्लाम स्वीकारलेला होता. स्पेनच्या पोलिसांनी शंका काढली, तरी त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवले गेले. तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे स्पेनने दाखवून दिले तेव्हा त्याची सुटका झाली आणि पुढे सरकारने माफी मागून २० लाख डॉलर भरपाई दिली. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या चौकशीत आढळले की, मूळ चूक ठशांमधल्या विलक्षण साम्यामुळे झाली. पण शंका उपस्थित झाल्यावरही तज्ज्ञ फेरविचार करायला तयार झाले नाहीत, त्यामागे त्या वकिलाचा धर्म हे एक कारण असण्याची शक्यता होती. पूर्वग्रह असाच काम करतो. तो पुरावा क्वचितच निर्माण करतो. हाती असलेला पुरावा पुन्हा तपासण्याची इच्छा मात्र मारून टाकतो. एखाद्या व्यक्तीच्या कृतीवरून, तिच्या संपर्कांवरून, पैशाच्या व्यवहारांवरून पाळत ठेवायला माझी हरकत नाही.

प्रश्न : मग त्या समाजाने निदान जाहीर निषेध तरी करावा, ही अपेक्षा रास्त नाही का?

उत्तर : निषेध जो तो आपल्या मनाने करतो तेव्हा त्याला मोल असते, मागून घेतला की तो जामीन ठरतो. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेमध्ये ७७ जणांची हत्या झाली, तेव्हा पहिले काही तास अनेकांनी मुस्लिमांवर संशय घेतला. हल्लेखोर नॉर्वेजियन निघाला आणि आपण ख्रिस्ती युरोपचे रक्षण करत असल्याचा त्याचा दावा होता. त्यानंतर साऱ्या ख्रिस्ती जनतेने माफी मागावी असे कोणी म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. हेच माप इतरांनाही लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रत्यक्ष माहिती असलेल्यांनी ती पोलिसांना द्यावी, ही अपेक्षा मात्र मी ठेवतो, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. श्रीलंकेत ते घडले होते. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टर हल्ल्यांत २५०हून अधिक माणसे मारली गेली. त्या हल्ल्यांच्या म्होरक्याविरुद्ध मुस्लिमांनीच आधी तक्रारी केल्या होत्या, आणि भारताकडूनही आगाऊ इशारे पोहोचले होते. तरीही मे महिन्यात जमावांनी मुस्लिमांची घरे, दुकाने आणि मशिदी फोडल्या. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना स्वतःच्या खिशातून १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि पोलीस व गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन प्रमुखांनाही नावानिशी जबाबदार धरले.